पदकाच्या कडेवरील ओळ

पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं किंवा रविवारीं जो मनुष्य केवळ हिंडावयास म्हणून जातो, तो सहसा रिकाम्या हातानें परत येत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. बिजागऱ्या, बंद पडलेलीं घड्याळें, किल्ल्या हरवलेलीं कुलुपें आणि कुलुपें हरवलेल्या किल्ल्या अशा पसाऱ्यांत एखादें तबक असें असतें कीं, त्यांत नाणीं, बिल्ले, गुंड्या आणि पदकें यांची सरमिसळ झालेली असते. दोन वर्षांपूर्वीं अशाच एका तबकांत आम्हांस एक रुप्याचें पदक मिळालें. विक्रेत्यानें तें तळहातावर घेऊन, ‘लढाईतल्या बहादुरीचं आहे, साहेब, राजानं स्वतः दिलेलं,’ अशी त्याची शिफारस केली, आणि लागलीच तें कांट्यांत टाकून किंमत मात्र मोडीच्या चांदीच्या भावानें सांगितली. शिफारस खोटी होती, किंमत चांदीपुरती खरी होती. परंतु त्या वस्तूचें जें खरें मोल, तें या दोहोंतहि आलें नव्हतें.

आधीं शिफारशीचा निकाल लावूं. तें पदक ‘ब्रिटिश वॉर मेडल’ या नांवाचें, म्हणजे पहिल्या महायुद्धांतील सेवेबद्दल दिलेलें. व्यास सुमारें ३६ मिलिमीटर, वजन अडीच तोळ्यांच्या आसपास. एका अंगास पांचव्या जॉर्ज बादशहाचा मुखवटा; दुसऱ्या अंगास एक विवस्त्र घोडेस्वार, घोड्याच्या टापांखालीं शत्रूची गरुडांकित ढाल व माणसाची कवटी, आणि कडेला १९१४ व १९१८ हे सन. मूळची फीत मध्यें नारिंगी व दोहों बाजूंस पांढऱ्या, काळ्या आणि निळ्या रेघांची असते. बाजारांत आलेल्या पदकास ती क्वचितच शिल्लक असते. हीं रुप्याचीं पदकें सुमारें पासष्ट लाख निघालीं. यावरूनच वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, तें कोणाच्या विशेष पराक्रमाचें चिन्ह नव्हे. जो जो त्या युद्धांत सेवेवर गेला, त्याला त्याला तें मिळालें. त्याच्या जोडीला पंख पसरलेल्या विजयदेवतेचें काशाचें ‘व्हिक्टरी मेडल’ असे, आणि १९१५ साल संपण्यापूर्वीं जो रणक्षेत्रावर पोंचला होता, त्याला काशाची एक चतुष्कोनी तारकाहि मिळे. पराक्रमाचीं पदकें निराळीं. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट १८३७ पासून चालत आलेली, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल १९०७ सालीं सुरू झालेलें, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याचा अधिकार हिंदी शिपायांस १९११ सालीं प्राप्त झाला. पुष्कळ घरांतून पणजोबांचें पदक चौकटींत बसवून त्याखालीं ‘शौर्यपदक’ असें लिहून ठेवलेलें आम्हीं पाहिलें आहे. घरच्या समजुतीवर पाणी ओतणें आम्हांस रुचत नाहीं. तरी जें नाहीं तें आहे म्हणून सांगण्यानें पणजोबांचा मान वाढत नाहीं, इतकें तरी म्हटलेंच पाहिजे.

आतां मोलाकडे वळूं. पदकाच्या दोन्ही अंगांवरील चित्रें पासष्ट लाखांस सारखीं. परंतु पदक उभें धरून त्याची कड भिंगाखालीं फिरविली, म्हणजे तेथें बारीक ठशांनीं उमटविलेली एक ओळ दिसते. ती ओळ दुसऱ्या कोणत्याहि पदकावर नसते. आमच्या पदकावर आधीं एक चार आंकडी क्रमांक, मग ‘सेपॉय’ हा हुद्दा, मग एका मनुष्याचें नांव आणि शेवटीं ‘११० मराठा एल. आय.’ इतकीं अक्षरें आहेत. तें नांव आम्ही येथें छापीत नाहीं; त्याचे वंशज कोठें तरी असतील आणि त्यांच्या घरची वस्तु मोडींत कशी आली, हें चारचौघांत सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

या ओळींतील प्रत्येक शब्द बोलका आहे. पण तो वाचण्याची थोडी रीत आहे. पलटणीच्या आंकड्यापासूनच आरंभ करावा. मुंबई, मद्रास व बंगाल या इलाख्यांच्या फौजा पूर्वीं वेगळ्या असत व प्रत्येकीच्या पलटणी एकपासून मोजल्या जात. त्यामुळें ‘दहावी पलटण’ एक नसून अनेक होत्या. १९०३ सालीं सेनापति किचनेर यांनीं हा घोटाळा मोडला. मद्रासच्या आंकड्यांत साठ मिळविले, मुंबईच्या आंकड्यांत शंभर. जुन्या मुंबई फौजेची तिसरी पलटण ती १०३ वी झाली, दहावी ती ११० वी झाली, आणि यांपैकीं कांहींस ‘मराठा’ हें नांव मिळालें. पुढें १९२२ सालीं पुन्हां घडी मोडून १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या सहा पलटणींची मिळून ‘पांचवी मराठा लाइट इन्फंट्री’ करण्यांत आली. तींत आमच्या शिपायाची ११० वी ही तिसरी बटालियन ठरली. म्हणून कडेवर ‘११०’ दिसलें कीं, १९०३ ते १९२२ एवढाच काल उरतो. ज्यास इतका एक नियम पाठ झाला, त्यास बाजारांतील निम्म्या थापा तेथल्या तेथें ओळखतां येतील. याच तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांस १९४४ सालीं इटलींत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु कोणी त्यांच्या कालचा बिल्ला म्हणून ‘११०’ आंकड्याचा बिल्ला पुढें केला, तर तो मुकाट्यानें परत करावा.

नांवाची गोष्ट अधिक नाजूक आहे. कारकुनानें कानीं पडेल तसें इंग्रजींत उतरलेलें, आणि ठसे मारणारानें दिसेल तसें उमटविलेलें नांव. त्यावरून जाधव कीं जाधवराव, शिंदे कीं शेंडे, हें ठरवितांना पुष्कळदां मति कुंठित होते. गांवाचा उल्लेख नसतो, बापाचाहि बहुधा नसतो. तरीहि नांवांत समाजाचा इतिहास दडलेला असतो. कोरेगांवच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्यांचीं नांवें आहेत. त्यांपैकीं बावीस नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हा प्रत्यय आहे, आणि त्यावरून ते शिपाई महार होते हें निःसंशय ठरतें. हाच प्रत्यय जुन्या मुंबई फौजेच्या एखाद्या पदकाच्या कडेवर भेटतो, तेव्हां पाहणारानें क्षणभर थांबावें. कारण १८९२ च्या सुमारास सरकारनें ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत पुढें करून ज्यांच्या बापजाद्यांनीं त्याची चाकरी केली होती, त्या महारांस भरतीचे दरवाजे बंद केले. महायुद्धांत माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडली. ‘१११ महार्स’ ही अक्षरें म्हणूनच विरळा दिसतात. गरज सरो आणि वैद्य मरो, ही आपल्याकडील म्हण त्या एका आंकड्यांत सबंध सांठविलेली आहे. आजची महार रेजिमेंट १९४१ सालीं निराळ्यानें उभी राहिली. तिच्या आरंभींच्या बिल्ल्यावर कोरेगांवचा स्तंभ होता, पुढें त्याच्या जागीं कट्यार आली. स्तंभाचा बिल्ला हातीं लागला तर तो जुना, एवढें लक्षांत ठेवावें.

परंतु आम्ही कडेच्या ओळीस इतकें महत्त्व कां देतों, याचें मुख्य कारण याहून वेगळें आहे. तें सांगण्यासाठीं वाचकांस मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, न्यावें लागेल.

सहावी डिव्हिजन, जिला ‘पूना डिव्हिजन’ म्हणत, ती जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालीं तैग्रिस नदीच्या कांठानें बगदादकडे निघाली होती. तींत तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफॉनजवळ मार खाऊन ही फौज कुट-अल-अमारा या गांवीं मागें आली, आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनीं तिला वेढा घातला. वेढा जवळजवळ पांच महिने चालला. आंतलें धान्य संपत आलें, घोडे व खेंचरें मारून खाण्याची पाळी आली. सुटकेसाठीं आलेल्या फौजा पुनःपुन्हां परतविल्या गेल्या. आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसें, लढणारीं आणि बाजारबुणगीं धरून, शत्रूच्या स्वाधीन झालीं. मग अर्धपोटीं, वाळवंटांतून, पायीं चाल. हिंदी कैद्यांपैकीं पुष्कळांस रास-अल-ऐन येथें रेल्वेच्या कामावर जुंपलें. त्यांतील किती परत आले हें पाहिलें म्हणजे ‘तह’ हा शब्द तोंडांत घोळवावासा वाटत नाहीं. ११७ व्या पलटणीस पुढें १९२१ सालीं ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पदवी पलटणीला मिळते. माणसाला काय मिळतें तें पहा.

मेसोपोटेमियांत पडलेल्या व ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठीं बसरा येथें १९२९ सालीं मोठें स्मारक उघडलें. त्या दगडी फलकांवर गोऱ्या सैनिकांचीं नांवें आहेत, हिंदी अंमलदारांचीं नांवें आहेत. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या कोरलेली आहे. अमुक पलटण, मेलेले इतके. १९९७ सालीं हें स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या वाटेवर दूर नेऊन ठेविलें. पण त्यावरील आंकडे आंकडेच राहिले. अशा असमान वागणुकीबद्दल युद्धसमाध्यांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ संस्थेनेंच २०२१ सालीं चौकशी-अहवाल काढून क्षमा मागितली. फ्रान्सांत न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर हिंदी शिपायांचीं नांवें आहेत, हें न्यायाच्या दृष्टीनें नमूद केलें पाहिजे. म्हणजे नांवें कोरणें अशक्य होतें असें नव्हे.

घरीं तरी काय झालें? सातारा-रत्नागिरीकडील पुष्कळ गांवांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत एक लहानशी संगमरवरी पाटी बसविलेली आढळते. या गांवांतून महायुद्धास इतके गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे हें गांव तर सैनिकांचें म्हणून प्रसिद्धच आहे. त्या एका गांवचे ४६ जण त्या युद्धांत कामास आले. पाटीवर पुन्हां आंकडाच. बसऱ्याला आंकडा, गांवांतहि आंकडा. अशा वेळीं सरकारी टांकसाळींतून निघालेल्या त्या चांदीच्या चकतीच्या कडेवर, दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत का होईना, शिपायाचें नांव आहे! साम्राज्यानें उदारपणानें तें घातलें असें आम्ही म्हणत नाहीं. पदक कोणाचें तें कळावें, चोरीस गेल्यास सांपडावें, असा त्यांतला रोखठोक हिशेब. पण त्या हिशेबानें जें राखलें, तें स्मारकांनीं राखलें नाहीं. पाणी वाहणारे भिस्ती, डोलीवाले, मजूर-पलटणींतील लोक यांना चांदीचें न देतां हेंच पदक काशाचें दिलें. तीं सुमारें एक लाख दहा हजार निघालीं. भेद तेथेंहि केलाच. तरी त्या काशाच्या कडेवरहि नांवें आहेत. काशाचें पदक तबकांत ‘हलकें’ म्हणून बाजूस सारलेलें असतें. आम्ही तें आधीं उचलतों.

मेलेल्यांच्या घरीं काशाची एक मोठी चकतीहि जात असे. व्यास बारा सेंटिमीटर, ब्रिटानियादेवी, सिंह, आणि चौकटींत उठावाच्या अक्षरांनीं मृताचें नांव. साऱ्यांस मरण सारखें, म्हणून हुद्दा किंवा पलटण घालावयाची नाहीं, असा त्यांतील उदात्त विचार होता. विचार थोर खरा. परंतु त्यामुळें तसल्या चकतीवरून एखाद्या ‘राम शिंद्या’चा शोध लावणें जवळजवळ अशक्य होऊन बसलें आहे. पदकाची कड या बाबतींत अधिक उपयोगी.

ही ओळ नाहींशी होण्याचे मार्ग अनेक आहेत. पहिला सराफाची मूस. १९७९-८० च्या सुमारास चांदीचे भाव एकाएकीं चढले, तेव्हां खुद्द विलायतेंतहि हीं पदकें ढिगांनीं आटलीं; कारण पदक म्हणून येणाऱ्या किंमतीपेक्षां धातूची किंमत अधिक झाली होती. दुसरा मार्ग लबाडाची कानस. साध्या शिपायाचें नांव घांसून काढून तेथें एखाद्या नामांकित लढाईंतील पलटणीचें नांव ठोकावयाचें, म्हणजे किंमत दसपट. यावर उपाय सोपा आहे. पदकाचा व्यास उभा, आडवा आणि तिरपा मोजावा. कानस फिरलेल्या जागीं तो केंसभर कमी भरतो. ओतीव नकलाहि पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांची ओळख अशी कीं, राजाच्या दाढीमिशांचे केंस विरघळल्यासारखे दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोंकाएवढीं छिद्रें असतात, आणि धातु थंड होतांना आकसत असल्यामुळें नक्कल अस्सलाहून किंचित् लहान भरते.

सर्वांत अधिक नकला आम्हीं ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या पाहिल्या. त्याच्या फितीवर आडव्या पट्ट्या असतात व प्रत्येकीवर एका लढाईचें नांव. कर्की, कोरीगॉम, सीताबल्डी, महीदपूर, आरगॉम, असाय! हीं नांवें आपल्या तोंडचीं असून परक्या वेषांत आलेलीं. खडकी, कोरेगांव, सीताबर्डी, महिदपूर, अडगांव, असई. म्हणजे आपल्या पराजयाची मालिकाच कोणाच्या तरी छातीवर लटकत होती. १८५१ सालीं हें पदक मंजूर झालें, तें फक्त तोंवर जिवंत असलेल्यांसाठीं. पंचेचाळीसशेंच्या आसपासच निघालें. एवढें दुर्मिळ पदक पुण्याच्या रस्त्यावर चहाच्या पैशांत मिळतें असें ज्याला वाटेल, त्यानें खुशाल घ्यावें.

बिल्ले व गुंड्या यांविषयीं थोडक्यांत सांगतों. त्यांवर नांव नसतें. म्हणून मुगुटाकडे पहावें. विजापुरी घुमटासारखी सलग गोलाई असलेला मुगुट जुन्या बिल्ल्यावर १९०१ ते १९५२ या राजांच्या कालचा. माथ्याशीं दबलेल्या कमानींचा मुगुट त्याच्या आधींचा व्हिक्टोरिया राणीचा, किंवा १९५२ ते २०२२ या कालचा विलायती. हिंदी सैन्याच्या बिल्ल्यावर मुगुटाऐवजीं अशोकस्तंभाचे सिंह असतील, तर तो १९५० च्या पुढचा. मुंबईच्या चोरबाजारांत मुगुट असलेले ताजे बिल्ले डझनावारी मिळतात. त्यांची पाठ उलटून पहावी, कढीव झाळ नवी लखलखीत दिसते.

ओळ नाहींशी होण्याचा आणखी एक मार्ग आहे. तो आम्हांस ठाऊक नव्हता. गेल्या वर्षीं सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत एका वृद्ध बाईंनीं ‘पदक वाचून द्या’ म्हणून आम्हांस मुद्दाम बोलाविलें. त्यांच्या यजमानांचे आजोबा महायुद्धास गेले ते परत आले नाहींत. पदक देवघरांत, खंडोबाच्या टांकाशेजारीं, तांब्याच्या ताम्हनांत ठेविलेलें होतें, आणि बादशहाच्या कपाळीं ओलें कुंकू होतें. चांदी अशी लखलखीत कीं, आजच घडविल्यासारखी. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर तेंहि चिंच आणि राखुंडी लावून घांसावयाचें, असा त्यांच्या सासूचा, तिच्या सासूचा प्रघात. शंभर वर्षें पदक असें घांसलें गेलें होतें. आम्हीं भिंग लावून कड फिरविली. आरंभींच्या क्रमांकाचे दोन आंकडे लागले. शेवटीं ‘मराठाज’ हा शब्द व त्यामागें ११४ असावा असा एक आकार दिसला. मध्यें, जेथें नांव, तेथें कड आरशासारखी गुळगुळीत होती. फक्त एका जागीं, कडी जेथें जोडलेली असते त्या खांचेशीं, जेथें बोट पोंचत नाहीं, तेथें एक अक्षर अर्धवट उरलें होतें.

‘काय लिव्हलंय?’ बाईंनीं विचारलें.

आम्हीं पलटण सांगितली. नांव पुसलें गेलें आहे, हेंहि सांगितलें. त्यांनीं स्वतः तें नांव उच्चारलें, अगदीं सहज, घरांतील माणसाला हांक मारावी तसें. मग आम्हीं पोथी वाचल्याप्रमाणें उपदेश केला कीं, यापुढें हें घांसूं नका, चांदी काळी पडली तरी पडूं द्या.

‘देवापाशी काळं कसं ठेवायचं, दादा?’ त्या म्हणाल्या.

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. यंदाच्या दसऱ्यानंतर त्या बाजूस जाणें झालें तेव्हां मुद्दाम वाट वांकडी करून त्यांच्या घरीं गेलों. पदक ताम्हनांतच होतें. दोन्ही अंगांनीं चिंचेनें घांसून लख्ख केलेलें, कुंकू लावलेलें. कडेभोंवतीं मात्र पांढऱ्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिलेले होते.